अर्ज दाराखालून सरकवावा

चहा गरम प्यावा, बसून प्यावा आणि बायकोशी बोलत प्यावा, एवढीच निरीक्षकांची इच्छा होती. यातली एकेक गोष्ट त्यांना सुटी सुटी अधूनमधून मिळे. गरम चहा ऑफिसात मिळे, पण तिथे बायको नसे. बायको घरी असे, पण तिथे चहा गार होई. आणि बसण्याचं म्हणाल तर घरातल्या प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी रंगीत खडू, अर्धं खाल्लेलं बिस्किट किंवा स्वतःला मांडून ठेवलेलं असे.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. बाजारात जायचं, दुकानदारांचे तराजू आणि मापं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का, चूक असेल तर जप्ती, हे काम ते एकोणीस वर्षं करत होते. ते दिसले की भलेभले व्यापारी गल्ल्यावरून उठून उभे राहत. घरी त्यांना पाहून कुणी उभं राहत नसे. उलट ते उभे दिसले की धाकटा म्हणे, "बाबा, तुम्ही उभेच आहात ना? मग मला पाणी द्या ना."

धाकटा सहा वर्षांचा होता आणि थोरली दहाची. धाकट्याला सगळे प्रश्न पडत आणि थोरलीला सगळी उत्तरं येत, त्यामुळे घरात शांतता नांदायची म्हटलं तर कुणीतरी आजारी पडावं लागे. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा सरकवत ती दिवसभर विचारी, "आता स्पष्ट दिसतंय का?" घरी आल्यावर हरवलेला मोजा धाकट्याच्या नाकासमोर धरून ती हेच विचारी, त्याच आवाजात.

तर एका सोमवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांग की," निरीक्षक कप उचलत म्हणाले.

एवढ्यात धाकट्याने विचारलं, की माशांना तहान लागली तर ते काय करतात. थोरली म्हणाली, निदान ते तुझ्यासारखे दर पाच मिनिटांनी पाणी मागत नाहीत. त्यावरून जी जुंपली ती सोडवेपर्यंत चहावर साय धरली आणि बायकोचं वाक्य होतं तिथेच राहिलं. मंगळवारी ते वाक्य "अहो, मला तुम्हाला" एवढं झालं. बुधवारी नुसतं "अहो" वर आलं. गुरुवारी बायकोने नुसतं निरीक्षकांकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

रात्री सांगावं तर धाकटा दोघांच्या मधे आडवा पसरलेला असे, आणि उशीला डोकं टेकलं की निरीक्षक दहापर्यंत मोजायच्या आत घोरू लागत. "मग फोन करून सांग ना," ते म्हणाले.

"फोनवर सांगण्यासारखं नाहीये ते. तुम्ही बाजारात कुणाचा तरी काटा उलटा करून बघत असता. आणि तुम्ही हसाल." मग तिने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र पूर्ण. "पण पुढच्या शनिवारच्या आत सांगायलाच हवं. नंतर उपयोग नाही."

निरीक्षकांची झोप उडाली. म्हणजे ते वीसपर्यंत मोजू लागले. फोनवर न सांगण्यासारखं, हसण्यासारखं आणि शनिवारी संपणारं असं काय असेल? वाईट बातमी असती तर 'हसाल' म्हणाली नसती. सासूबाई कायमच्या राहायला येणार असत्या तर हसण्याचा प्रश्नच नव्हता. काही असो, शनिवारच्या आत बायकोचं एक अखंड वाक्य ऐकायचं, असा त्यांनी मनाशी पण केला. प्रकरण एका वाक्याचं होतं. माणसं याहून मोठमोठे पण करतात आणि तडीस नेतात, म्हणून त्यांना हे सोपं वाटलं.

शुक्रवारी त्यांनी घरात जाहीर केलं, की आजपासून रोज साडेसहा ते सात आई आणि बाबा आतल्या खोलीत दार लावून चहा पितील, आणि त्या अर्ध्या तासात कुणीही आत यायचं नाही.

"का?" धाकट्याने विचारलं.

"आम्हाला बोलायचंय."

"मग बाहेर बोला ना. आम्ही ऐकतो."

पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दार अकरा वेळा उघडलं. निरीक्षकांनी मोजून टिपून ठेवलं. चार वेळा ताई बघते म्हणून, दोनदा धाकटा बघू देत नाही म्हणून, एकदा पाल शेपटीशिवाय जगते का म्हणून, एकदा भूक, एकदा तहान, आणि एकदा थोरलीने दार उघडून सांगितलं, की मी त्याला दार उघडू नको म्हणून सांगितलंय. अकराव्या वेळी धाकटा नुसता उभा राहिला. "काय हवंय?" तर म्हणाला, "काही नाही. तुम्ही आहात ना ते बघितलं."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना जिन्यात ही हकीकत सांगण्याची चूक निरीक्षकांनी केली. मुख्याध्यापकांनी एक पायरी वर चढून, म्हणजे पुरेशी उंची घेऊन, सांगितलं, "धाक! धाक हवा. माझ्या शाळेत मी नुसता खाकरलो तरी आठशे मुलं गप्प होत." निरीक्षक घरी येऊन खाकरले. धाकट्याने त्यांना खोकल्याचं औषध आणून दिलं आणि स्वतःही एक चमचा मागितला.

खालच्या काकूंचं मत वेगळंच पडलं. "दार लावून चहा?" त्या म्हणाल्या. "बरं आहे बाई तुमचं. आम्ही पाच मुलं वाढवली, वीस वर्षं चहा उभ्याने प्यायलो. काही बिघडलं नाही." काकूंचे यजमान मागे पेपर वाचत होते. ते पेपरातून म्हणाले, "बिघडलं." काकूंनी मागे वळून पाहिलं तेव्हा पेपर पुन्हा वर गेला होता.

शेवटी निरीक्षकांनी ठरवलं, की धाक आणि सबुरी या माणसाच्या गोष्टी. त्यापेक्षा कडी भरवशाची. रविवारी सुताराला बोलावलं. सुताराने विचारलं, "कशासाठी हवी?"

"मुलांसाठी."

"उंची किती मुलांची?"

हा प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला होता. निरीक्षकांनी दोघांना भिंतीशी उभं करून, हात वर करायला लावून, टाचा न उचलता आणि टाचा उचलून अशी दोन्ही मापं घेतली. मग त्यांना तातडीने बाहेर जायचं होतं, म्हणून चिठ्ठी लिहून ठेवली: 'दाराला कडी बसवावी. मुलांचा हात पोचू नये अशा उंचीवर. मजबूत असावी.' तासाभराने परत येऊन पाहतात तर कडी खरोखर मजबूत, पितळी, सरळ रेषेत, एक मिलिमीटरही इकडेतिकडे नाही. फक्त दाराच्या बाहेरच्या बाजूला.

"बाहेरून?" निरीक्षक म्हणाले.

"मग? मुलांना कोंडायचं तर आतून लावून कसं चालेल? ती आतून काढतील."

"मुलांना नाही हो! आम्हाला कोंडून घ्यायचंय. मी आणि बायको."

सुताराने हातोडी खाली ठेवली. "साहेब, पंचवीस वर्षं कड्या बसवतोय. आईबाप स्वतःला कोंडून घेणारं हे पहिलंच घर. चिठ्ठीत लिहिलं असतंत तर तसं केलं असतं. चिठ्ठीत कुठे आहे बाजू?"

बाजू चिठ्ठीत नव्हती. जे लिहिलेलं नाही ते नाही, असं एकोणीस वर्षं दुकानदारांना सुनावणाऱ्या माणसाला यावर काय बोलता येणार? "बरं, आता आतून आणखी एक बसव," ते म्हणाले. सुताराने ड्रिल लावलं, भिंत थरथरली, आणि दारात इमारतीचे सेक्रेटरी उभे राहिले. त्यांच्या हातात फाइल होती. हे गृहस्थ फाइल घेऊन झोपतात अशी अफवा होती. दुपारी अडीच वाजता, डोळ्यांवर झोप असताना आणि हातात फाइल असताना ते आले, यावरून ती खरी असावी.

"लाकूडकामाला आणि भोकांना समितीची परवानगी लागते."

"एकच भोक पाडतोय."

"आधी चार पडलेली आहेत. मी आवाज मोजले."

निरीक्षकांना आयुष्यात प्रथमच आपल्यासारखा मोजणारा माणूस भेटला. ते म्हणाले, "अहो, घरातल्या घरात कडी आहे ती."

"असेल. लेखी द्या. तीन प्रतींत. समिती पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बसते. तोवर काम थांबवा."

सुतार हत्यारं गुंडाळून निघून गेला. बाहेरची कडी तशीच राहिली. निरीक्षक खुर्चीत बसले, धाकट्याचा खडू टोचला म्हणून उठले, आणि पुन्हा बसले. त्यांचा अपमान झाला होता यात शंका नाही. पण अपमानाच्या तळाशी त्यांना एक चमकणारी गोष्ट दिसली. 'लेखी द्या' या दोन शब्दांनी त्यांच्यासारखा माणूससुद्धा गप्प बसला होता! त्यांच्या खात्यात तरी दुसरं काय होतं? रोज दहा माणसं तक्रार घेऊन येत. लेखी द्या म्हटलं की नऊ घरी जात. तराजूच्या दोन्ही पारड्यांत हे वाक्य टाका, काटा आपला मधोमध.

मोठ्या माणसांना नमवणारी युक्ती मुलांवर चालेल असं समजणं ही फार जुनी चूक आहे. मोठ्यांना लिहायचा कंटाळा असतो, वेळ नसतो आणि कागद शोधावा लागतो. मुलांकडे या तिन्ही अडचणी नसतात.

निरीक्षकांनी रात्री बसून नमुना तयार केला: अर्जदाराचे नाव, दिनांक, विषय, कारण, सही. अर्ज दोन प्रतींत. एक कार्यालयात राहील, दुसरी निर्णयासह परत मिळेल. सगळ्यांत खाली ठळक अक्षरात: 'अर्ज दाराखालून सरकवावा. दार वाजवू नये.' सकाळी शंभर झेरॉक्स काढल्या. ऑफिसच्या खणात लाकडी मुठीचा एक जुना, रद्द झालेला शिक्का लोळत होता, तो घरी आणला. त्यावर होतं 'नामंजूर'. मंजुरीचा शिक्का वरिष्ठांच्या कपाटात असे. तो निरीक्षकांनी जवळून कधी पाहिला नव्हता.

सोमवारी चार अर्ज आले. निरीक्षकांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. "अकरावरून चार!" एका अर्जात लिहिलं होतं, 'विषय: ताई. कारण: ताई आहे.' निरीक्षकांनी दोन्ही प्रतींवर शिक्का हाणला आणि एक प्रत दाराखालून परत सरकवली.

पलीकडून आनंदाचा चीत्कार ऐकू आला. "जांभळा आहे! ताई, जांभळा!"

इथे सगळं बिनसलं. अर्ज नामंजूर झाल्याचं दुःख धाकट्याला नव्हतंच. त्याला जांभळ्या शाईचा, गोल, खराखुरा शिक्का मिळाला होता. मंगळवारी एकोणीस अर्ज आले. बुधवारी धाकट्याने तो शिक्का शाळेच्या बसमध्ये दाखवला, आणि संध्याकाळी साडेसहाला इमारतीतली सात पोरं हातात कागद घेऊन हॉलमध्ये रांगेत उभी होती. थोरलीने स्टूल आणि इस्त्रीचं टेबल मांडून अर्ज घ्यायची खिडकी उघडली होती. तिचा कारभार पाहून निरीक्षकांच्या अंगावर काटा आला. त्यांच्या खात्यातला सर्वांत खडूस कारकूनसुद्धा इतका चोख नव्हता.

"सही कुठेय?" ती शेजारच्या मुलीला विचारत होती. "कारण लिहिलेलं नाही. मागे जा. नाही, रांगेच्या मागे."

झेरॉक्स संपल्या तेव्हा तिने स्वतः पट्टीने आखून नवा नमुना काढला. तो निरीक्षकांच्या नमुन्यापेक्षा सुबक होता आणि त्यात एक रकाना जास्त होता: 'आवडता प्राणी'.

"याची काय गरज?" निरीक्षकांनी विचारलं.

"तुमच्या अर्जात 'दिनांक' आहे, त्याची तरी काय गरज? आज सगळ्यांचा एकच असतो."

मुख्याध्यापक खाली उतरून आले. मुलांची मुकाट रांग पाहून त्यांचे डोळे पाणावले. "वा! याला म्हणतात शिस्त!" ते म्हणाले, आणि एक कागद मागून घेऊन त्यांनीही दोन प्रतींत अर्ज केला. विषय: वरच्या मजल्याला पाणी कमी येणे. आवडता प्राणी: बैल. तोही नामंजूर होऊन परत गेला आणि म्हणे त्यांनी तो कपाटावर चिकटवला.

दार मात्र कुणी वाजवत नव्हतं. नियम तंतोतंत पाळला जात होता. आणि आतमध्ये निरीक्षक पलंगावर मांडी घालून, कागदांच्या ढिगात, साडेसहा ते सात न थांबता शिक्के हाणत होते. धप, धप, सरकव. धप, धप, सरकव. सुरुवातीला ते वाचत. बुधवारपासून वाचणं परवडेना. कप शेजारी गार होई. बायको पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहत राही.

"अहो," ती गुरुवारी म्हणाली, "मला तुम्हाला—"

"एक मिनिट हं. एवढा ढीग संपवतो. नाहीतर उद्यावर बाकी राहील."

थोड्या वेळाने ती खोलीत नव्हती, पण ते निरीक्षकांना सात वाजता कळलं. त्या दिवशी अडतीस अर्ज निकालात निघाले; स्वतःचाच उच्चांक. जेवणावरून बायको लवकर उठली. दुकानात गर्दी असेल, असं त्यांना वाटलं. शुक्रवारी तिने चहा आत आणलाच नाही. "तुमचं काम चालू दे," म्हणाली. धाकट्याला ओरडताना ती जो आवाज काढी त्यापेक्षा हा आवाज मऊ होता, आणि म्हणूनच निरीक्षकांचा शिक्का हवेतच थांबला. उद्या शनिवार.

शनिवारी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. शेजारची पोरं परत पाठवली. इस्त्रीचं टेबल मिटवलं. "आज कार्यालय बंद," त्यांनी थोरलीला बजावलं. "एकही अर्ज नाही. साडेसहानंतर कुणीही आत येता कामा नये. कळलं? कुणीही."

"कुणीही?"

"कुणीही!"

मग त्यांनी स्वतः चहा केला, दोन कपांवर बशा झाकल्या, ट्रे घेऊन आत गेले आणि बायकोची वाट पाहत बसले. सहा वाजून एकोणतीस मिनिटांनी बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग वर, दाराच्या माथ्याशी, 'खट्' असं काहीतरी झालं. कडी खरोखर मजबूत होती. आणि मुलांचा हात न पोचणारी उंची मोजताना निरीक्षकांनी टाचा धरल्या होत्या, पण स्टूल धरलं नव्हतं.

"थोरले! काय केलंस?"

"कार्यालय बंद केलं."

एवढ्यात घराचं दार वाजलं आणि बायकोच्या चपलांचा घाईघाईचा आवाज आला. "बाबा आहेत आत? सरक, मला आत जाऊ दे."

"आई, नाही जाता येणार," थोरली म्हणाली. तिचा आवाज दुःखी होता, पण नाइलाज असलेल्या माणसाचा होता. "तुझा अर्ज नामंजूर झालाय. गुरुवारी."

आत निरीक्षक दाराशी धावले. "कसला अर्ज? अगं, तूच काढ ती कडी, तुझा हात पोचतो!"

बायकोचा हात पोचत होता. तो कडीवर पडलाही. ती किंचित खुळखुळली. मग खुळखुळ थांबली.

"नको," बायको म्हणाली. "बरोबर आहे तिचं. अर्ज नामंजूर असताना मी आत कशी येऊ?"

"पण कसला अर्ज!"

"असेल आतच. दोन प्रतींत होता. निळ्या शाईतला."

कार्यालयाच्या प्रती ज्यात टाकत तो खोका निरीक्षकांनी पलंगावर उपडा केला. आठवड्याभराचे निकाल खाली पडले, आणि शिक्के हाणताना जे त्यांनी वाचलं नव्हतं ते आता एकेक करून डोळ्यांपुढून जाऊ लागलं. 'विषय: भूक. कारण: लागली.' 'विषय: पाल. कारण: तिला शेपूट आली, बघायला या.' 'विषय: बाबा. कारण: दिसत नाहीत.' या शेवटच्यावर 'आवडता प्राणी' समोर मासा काढला होता आणि माशाच्या पोटावर जांभळा शिक्का बसला होता. निरीक्षकांनी तो वेगळा काढून खिशात ठेवला. मग त्याच्याखाली निळी शाई दिसली.

'अर्जदार: आई. विषय: पोहायला शिकणे. कारण: आठ वर्षांची असल्यापासून शिकायचं आहे. तेव्हा भावाला पाठवलं, मला नाही. मग राहूनच गेलं. तलावावर सकाळी सहाचा बायकांचा वर्ग सुरू होतोय. पावणेसहा ते सव्वासात तुम्ही मुलांचं बघाल का? आंघोळ, डबा, तिच्या वेण्या, बस. नावनोंदणी शनिवारी सातला बंद. हसू नका.' आणि त्यावर, थेट 'हसू नका' च्या अंगावर, नामंजूर. शिक्का उत्तम उठला होता. एकही अक्षर पुसट नव्हतं.

बाहेरून आवाज आला, दुकानातला. "आता स्पष्ट दिसतंय का?"

"दिसतंय," निरीक्षक म्हणाले. काच बदलल्यावर एखाद्याला इतके दिवस आपण काय काय धडकलो ते कळावं, तसा त्यांचा आवाज झाला.

"हसलात?"

"नाही गं."

आणि मग बायको दाराला पाठ लावून खाली बसली आणि बोलू लागली. त्या तलावाला निळ्या फरश्या आहेत. दुकानातून येताना ती रोज कुंपणाशी दोन मिनिटं उभी राहते. पाण्यात पडल्यावर कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही, म्हणतात; तिला एकदा तसं व्हायचं होतं, पाऊण तास. अडतिसाव्या वर्षी हे बोलायला लाज वाटत होती. निरीक्षक आतून दाराला पाठ लावून बसले होते. मधे दोन इंच लाकूड होतं, आणि बाजूला दोन मुलं, डोळे विस्फारून, गप्प. गेल्या कित्येक वर्षांत बायकोची एवढी सलग वाक्यं या घरात कुणी ऐकली नव्हती.

"आई, तू बुडालीस तर?" अखेर धाकट्याने विचारलं.

"गप रे. शिकवायला बाई असते," थोरली म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाबांना वेण्या येतात?"

"शिकतील," आई म्हणाली.

"किती वाजले?" निरीक्षक एकदम ओरडले.

पावणेसात. तलाव पायी दहा मिनिटांवर. दाराखालून तलावाचा एक छापील फॉर्म आत आला. 'घरातील व्यक्तीची सही' अशी एक ओळ खाली रिकामी होती. निरीक्षकांचा हात सवयीने शिक्क्याकडे गेला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने मागे घेतला. सही केली. मग जागा नव्हती तरी समासात लिहिलं: 'पावणेसहा ते सव्वासात दोन्ही मुलांची जबाबदारी माझी.' आणि फॉर्म बाहेर सरकवला.

"वेणी नाही लिहिली," थोरलीने तपासून सांगितलं.

"राहू दे," आई म्हणाली, आणि चपला धावत सुटल्या.

"अगं, दार! दार राहिलं!" पण जिन्यातून उत्तर आलं नाही. "थोरले, कडी काढ बरं."

"सात वाजायला तेरा मिनिटं आहेत, बाबा. कुणीही नाही म्हणालात."

निरीक्षक पलंगावर बसले. बशी उचलली. वाफ आली. त्यांनी एक कप प्यायला. गरम होता. मग बायकोचा गार होईल म्हणून तोही प्यायला. दार बंद होतं. कुणी वाजवत नव्हतं. खोलीत घड्याळाशिवाय कुणी बोलत नव्हतं. गेले बारा दिवस ज्या गोष्टीसाठी त्यांनी सुतार आणला, समितीचा रोष ओढवला आणि शंभर झेरॉक्स काढल्या, ती गोष्ट अखेर पदरात पडली होती, आणि आता तिचं काय करायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी पाच मिनिटं मोजली. मग एक कोरा नमुना घेतला आणि दोन प्रतींत लिहिला.

'अर्जदार: बाबा. विषय: बाहेर येणे. कारण: इथे कुणीच नाही.'

सरकवला. पलीकडे कुजबुज झाली. अर्ज परत आला. "आवडता प्राणी भरलेला नाही," थोरली म्हणाली. निरीक्षकांनी खिशातला कागद एकदा बघितला आणि लिहिलं: मासा.

"मासा! ताई, माझाच!" असं कुणीतरी किंचाळलं. बराच वेळ काहीतरी घासल्याचा आवाज आला. मग एक प्रत आत आली. हिरव्या खडूने, ओळ उतरत गेलेली, शेवटचं अक्षर कागदाच्या बाहेर जमिनीवर संपलेलं: मंजूर.

स्टूल सरकलं, कडी निघाली. निरीक्षक बाहेर आले तेव्हा सात वाजून गेले होते, आणि समोरच्या दारात बायको धापा टाकत उभी होती, हातात पावती.

"मिळालं?"

"शेवटचं नाव माझं." ती खाली बसली, नेमकी खडूवर, आणि उठली नाही. "सोमवारपासून. चहा आहे ना?"

निरीक्षकांनी ट्रेमधल्या दोन रिकाम्या कपांकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

"दोन्ही?"

"गरम होते गं."

"मला एक कप हवाय," बायको म्हणाली. "लेखी देऊ?"

"नको, नको," निरीक्षक म्हणाले. "तोंडी चालेल." आणि ते आधण ठेवायला गेले, त्यांच्या मागोमाग एक स्टूल आणि दोन मुलं, चहा कसा करतात ते बघायला.